पलटणीतला सुभेदार आणि मसूर स्टेशनवरची मुले

कोरीव अक्षरे (धागाकर्ता) :

कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी एक जानेवारीला लाखोंचा समुदाय जमतो आणि त्या गर्दीत दगडावरची अक्षरे सावकाश वाचता येत नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात मुद्दाम आडदिवशी, सकाळच्या वेळी तेथे गेलो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत इंग्रज कंपनीच्या बाजूने जे पडले त्यांची नावे त्या स्तंभावर आहेत. मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या अक्षरांनी संपतात : गणनाक बाळनाक, रूपनाक लखनाक, अशी. महार पुरुषाच्या नावाला त्या काळी ‘नाक’ जोडले जात असे. गावाच्या लेखी जो माणूस वेशीबाहेरचा होता, त्याचे नाव बापाच्या नावासकट दगडात कोरले गेले. ज्या सत्तेने ते कोरून घेतले, तिनेच पाऊणशे वर्षांनी त्याच्या पणतवंडांना ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे सांगून पलटणीची दारे लावून घेतली. मधल्या काळात काय घडले आणि दारे लागल्यावर काय झाले, याविषयी बोलण्यासाठी हा धागा काढत आहे.

लढाईचा तपशील थोडक्यात देतो, कारण तो अनेकांना माहीत आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. सुमारे ५०० पायदळ, अडीचशे-तीनशे स्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे गोलंदाज एवढेच तिचे बळ होते. सकाळी भीमेच्या काठी दुसऱ्या बाजीरावाचे मोठे सैन्य दिसले, तेव्हा तुकडीने कोरेगावात आसरा घेतला आणि गावाच्या बोळांतून, घराघरांतून दिवसभर झुंज चालली. रात्रभर चालून आलेल्या या माणसांना नदी हाकेच्या अंतरावर असताना दिवसभर पाणी मिळाले नाही. रात्री पेशव्यांचे सैन्य निघून गेले. कंपनीच्या बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ भरले.

त्यानंतरही मुंबई सैन्यात महारांची भरती होत राहिली. पलटणीत पगार होता, बूट होते, हुद्दा होता आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळा होती. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना तेथे शिकणे सक्तीचे होते. रामजी मालोजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले आणि सुभेदार या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना जो मुलगा झाला, ते बाबासाहेब. पुढच्याच वर्षाच्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या घराने पलटणीच्या आधारावर दोन पिढ्यांत अक्षरे मिळवली, त्या घराच्या तिसऱ्या पिढीला तो रस्ता उरला नाही.

आता मसूर स्टेशन. १९०१ साली रामजी सुभेदार निवृत्त होऊन खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुले त्यांना भेटायला साताऱ्याहून आगगाडीने निघाली होती. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. मुलांनी विलायती धाटणीचे नवे सदरे, नव्या टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे घातली होती. वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे स्टेशनवर कोणी घ्यायला आले नाही. कपड्यांवरून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली, म्हणून त्यांनी आपुलकीने चौकशी केली; आपण महार आहोत असे मुलाने सांगताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते तेथून निघून गेले. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान मिळाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर. बरोबर खाण्याचे होते, मात्र पाणी नव्हते, आणि वाटेत पाणी कोणी दिले नाही. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, बाप सरकारी पलटणीतला निवृत्त सुभेदार, अंगात नवा सदरा, आणि रात्रभर घशाला कोरड.

‘ज्यांनी हिणवले त्यांच्यासाठी हे लोक का लढले’, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला तो अर्धाच वाटतो. चाकरीतून त्यांनी काय मिळवले, ते हिरावले गेल्यावर त्याच चाकरीच्या कागदाचा त्यांनी काय उपयोग केला, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते. आपल्याकडे घरची माहिती, जुने कागद, इतर देशांतील अशीच उदाहरणे असतील तर कृपया येथे लिहावीत.

पुणेरी वाचक :

लेख मनापासून आवडला. तरीही एक शंका मोकळेपणाने मांडतो, आणि ती मांडताना कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. कोरेगावची लढाई ही शेवटी परक्या व्यापारी कंपनीने येथील राज्य बुडवण्यासाठी केलेली लढाई होती. कंपनीला जातिभेद मोडायचा नव्हता, तिला मुलूख हवा होता. पेशवाईच्या अखेरच्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांचे जे हाल झाले ते मी नाकारत नाही. पण त्या दगडाकडे मुक्तीचे चिन्ह म्हणून पाहताना, तो दगड विजेत्या साम्राज्याने स्वतःच्या गौरवासाठी उभारला होता, ही गोष्ट आपण बाजूला ठेवतो का?

कोरीव अक्षरे :

शंका रास्त आहे. कंपनीविषयी आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. त्या दिवशी दोन्ही बाजूंना अनेक जातिधर्मांचे लोक होते : पेशव्यांकडून अरबांनी मोठ्या निकराने हल्ले केले, तर स्तंभावर महार नावांच्या जोडीला मराठा आणि इतर नावेही आहेत. त्या सकाळी शिरूरहून आलेल्या शिपायाच्या मनात काय होते, हे सांगण्याचा अधिकार मला नाही.

मात्र स्मारकाचा अर्थ तो बांधणाऱ्याच्या हाती कायमचा राहत नाही. साम्राज्याने तो दगड आपल्या गौरवासाठी उभारला आणि मग त्यावरची माणसे विसरून गेले. ज्यांना विसरले गेले त्यांच्या वंशजांनी तोच दगड सरकारसमोर पुराव्यादाखल ठेवला. १९१० साली पुण्याचे महार कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे जो अर्ज पाठवला, त्यात महारांना लष्करात आणि पोलिसांत पुन्हा घ्यावे ही मागणी होती आणि तिचा आधार पूर्वजांची लष्करी चाकरी हा होता. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला गेले, ते या अर्जांच्या वाटेने. ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही आणि देवळाच्या पायरीवर हक्क नाही, त्याच्याकडे सरकारची स्वतःची सही असलेला एकच पुरावा होता. तो त्याने वापरला, यात मला साम्राज्याची भलामण दिसत नाही.

निवृत्त कर्नल :

मी पायदळात २८ वर्षे काढली आहेत, म्हणून भरती बंद होण्यामागची यंत्रणा कशी चालली ते थोडे सविस्तर लिहितो. केवळ ‘इंग्रजांनी जात मानायला सुरुवात केली’ एवढ्याने ते समजत नाही.

कंपनीच्या काळात बंगाल सैन्यात उच्चवर्णीयांचा भरणा होता, तर मुंबई सैन्यात निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत, म्हणजे पलटणीच्या एकाच तुकडीत, उभे राहत. कवायतीत आणि बढतीत जात आड येऊ द्यायची नाही, असा मुंबई सैन्याच्या अधिकाऱ्यांचा आग्रह असे, आणि म्हणूनच महार शिपाई जमादार, सुभेदार होऊ शकला. त्याच्या हुकमावर इतर जातींचे शिपाई चालत. १८५७ नंतर हळूहळू विचार पालटला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या मते खरे लढवय्ये वायव्येकडे आणि उत्तरेकडे जन्मत, दक्षिणेकडची माणसे शांततेत मऊ पडत. ‘लढाऊ जमाती’ हा शब्द रूढ झाला आणि पलटणी जातवार बांधल्या जाऊ लागल्या. एकदा कंपनी जातवार केली की मिश्र कंपनीतल्या महार सुभेदाराला जागाच राहत नाही, कारण त्याच्या हाताखाली कोण राहणार हा प्रश्न लगेच उभा राहतो. अशा रीतीने गावातला विटाळ लष्करी नियमाच्या भाषेत लिहिला गेला. गावाने जे केले ते परंपरेच्या नावाने केले. लष्कराने तेच शास्त्राच्या नावाने केले, आणि मला दुसरे अधिक क्लेशदायक वाटते, कारण त्याच लष्कराने सत्तर वर्षे उलटे करून दाखवले होते.

ज्यांना लढाऊ म्हणून भरती केले त्यांनाही बरोबरीचा मान नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. पहिल्या महायुद्धात शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. तीस वर्षे चाकरी केलेला सुभेदार-मेजर हुद्द्याने कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खाली असे. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला, पण हिंदी सैनिकांना तो मिळण्याची मुभा १९११ मध्ये दिली गेली. आणि लढाऊपणाचे हे शास्त्र किती टिकाऊ होते म्हणाल, तर युद्धात माणसे कमी पडू लागताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडलीही गेली. याला आपल्याकडे गरज सरो वैद्य मरो म्हणतात.

खेडची लेक :

कर्नलसाहेब, आपण ज्या १११ व्या पलटणीचा उल्लेख केला, तिच्यात माझे पणजोबा होते. मी येथे सहसा लिहीत नाही, पण हे वाचल्यावर राहवले नाही.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे. पणजोबांचा पलटणीतून सुटकेचा दाखला आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत, मेणकापडात गुंडाळून ठेवलेला आहे. आकाराने तो फार मोठा नाही, पण त्याच्या आठ घड्या पडलेल्या आहेत आणि प्रत्येक घडीवर कागद विरून आरपार दिसू लागला आहे. पाठीमागून कोणीतरी, बहुधा आजोबांनी, खळ लावून पातळ कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. चारित्र्याच्या रकान्यात ‘उत्तम’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. आजी सांगत असे की तो शब्द पणजोबांना वाचता येत नव्हता, पण तो कागदावर कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते आणि दाखला पुढे करताना ते बरोबर त्या जागी बोट ठेवत.

लहानपणी मला वाटे की कागद जुना झाला म्हणून फाटला. पुढे आजीने सांगितले की तो उघडून उघडून फाटला. पलटण मोडल्यावर पणजोबांनी तो मामलेदाराच्या कचेरीत दाखवला, पोलीस भरतीत दाखवला, गोदीत दाखवला. शेवटी मुंबईत एका गिरणीत काम मिळाले, तेही सूत कातण्याच्या खात्यात. पगार साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जास्त होता, पण तेथे त्यांना घेत नसत, कारण धोट्यात नवी कांडी घालताना तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धोटा दुसऱ्या कोणी तोंडाला लावायला तयार नसे. ज्या माणसाने सरकारसाठी बंदूक उचलली, त्याच्या ओठाला लागलेला धागा बाटत होता.

गावी आले की वरच्या आळीतून जाताना ते चपला हातात घेत. ते करताना त्यांना काय वाटत असेल, हे मी आजीला एकदा विचारले होते. ती म्हणाली, ‘ते आळीतून जातच नसत गं, कोसभर वळसा घालून जात.’

माणदेशी :

ताई, आपला प्रतिसाद वाचून काही वेळ स्वस्थ बसून राहिलो.

आमच्या सातारा जिल्ह्यातील एका गावाच्या चावडीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी आहे. अशा पाट्या देशावर आणि कोकणात अनेक गावांत आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे दोन आकडे तिच्यावर आहेत. नाव एकाचेही नाही. माझे आजोबा त्या पाटीखाली बसून तंबाखू मळत असत आणि त्यांच्या तोंडून मी त्यांपैकी दोघांची नावे ऐकली होती. आज ती मला आठवत नाहीत. आमच्याकडचे बहुतेक लोक मेसोपोटेमियात गेले होते. एप्रिल १९१६ मध्ये कुत अल अमारा येथे जनरल टाउन्सेंडच्या फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा तिच्यात मराठा पलटणीही होत्या आणि कैदेत गेलेल्यांपैकी अनेक परत आले नाहीत.

कोरेगावच्या स्तंभावर १८१८ चे २२ महार नावानिशी आहेत आणि शंभर वर्षांनी झालेल्या युद्धातील माझ्या गावची माणसे फक्त आकड्यात आहेत, ही तुलना मला या धाग्यामुळे सुचली. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने २०२१ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १,१६,००० लोकांचे नावानिशी, किंवा कदाचित कशाही प्रकारे, स्मारकच केले गेले नाही असे मान्य केले आहे. त्यांत बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्त येथील लोक होते. प्रत्येकाची कबर सारखी, प्रत्येकाचे नाव सारखे, हे त्याच संस्थेचे तत्त्व होते. ते युरोपात पाळले गेले.

सेननदीकाठी :

मी बारा वर्षांपासून पॅरिसजवळ राहते. येथे हा विषय सेनेगालच्या शिपायांच्या निमित्ताने वारंवार निघतो, म्हणून त्याविषयी लिहिते. ‘सेनेगाली तिरायर’ असे नाव असले तरी हे शिपाई केवळ सेनेगालचे नव्हते, फ्रेंच पश्चिम आफ्रिकेच्या सगळ्या मुलखांतून आणलेले होते. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा त्यांच्यापैकी हजारो जर्मनांच्या कैदेत गेले. १९४४ च्या नोव्हेंबरात त्यांतील सुमारे १,३०० जणांना जहाजाने डाकारला परत नेले आणि शहराबाहेर तियारोय येथील छावणीत ठेवले. कैदेत असलेल्या काळाचा पगार, जो गोऱ्या सैनिकांना मिळत होता, तो मिळाल्याशिवाय आम्ही गावी जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. १ डिसेंबर १९४४ च्या पहाटे त्यांच्याच फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हुकमाने त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकारने ३५ मृत सांगितले. हा आकडा खरा नाही असे इतिहासकार आणि त्या शिपायांचे वंशज आजवर सांगत आले आहेत. जे वाचले त्यांपैकी ३४ जणांना बंडखोर ठरवून शिक्षा केली गेली. ती ‘कत्तल’ होती, हे फ्रान्सच्या अध्यक्षांनी सेनेगालच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात मान्य केले, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी.

गोळीबार एका पहाटेचा होता. पेन्शनचा अन्याय मात्र पन्नास वर्षे चालला आणि त्याविषयी कमी बोलले जाते. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तेव्हा १९५९ च्या कायद्याने तेथील माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन त्या वेळच्या आकड्यावर गोठवले गेले. फ्रान्समधला सैनिक आणि त्याच खंदकात त्याच्या शेजारी लढलेला आफ्रिकी सैनिक यांच्या पेन्शनमधली तफावत वर्षागणिक वाढत गेली. ती पूर्ण मिटली तेव्हा बहुतेक जण हयात नव्हते. खेडच्या ताईंनी घड्यांच्या कागदाचे जे वर्णन केले, त्यावरून मला हे आठवले, कारण तियारोयचे भांडणही कागदाचेच होते : आम्ही इतके महिने चाकरीत होतो हे तुमच्याच वहीत लिहिले आहे, तर त्याचे पैसे द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सॅन होजेकर :

एक छोटी नोंद. धागाकर्त्यांनी मसूरची आठवण लिहिली. त्याच आठवणींत बाबासाहेबांनी लिहिले आहे की साताऱ्यात न्हावी त्यांचे केस कापत नसे आणि मोठी बहीण घरी त्यांची हजामत करी. मी राहतो त्या बाजूची एक गोष्ट तिच्या शेजारी ठेवतो. १९४२ मध्ये अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून काटेरी तारेच्या छावण्यांत टाकले आणि त्यांच्याच जमातीतल्या तरुणांची ४४२ वी रेजिमेंट इटलीत व फ्रान्समध्ये लढायला पाठवली. काहींचे आईबाप त्या वेळी तारेच्या आत होते. त्या रेजिमेंटचा हवाईचा एक अधिकारी, डॅनियल इनोये, एप्रिल १९४५ मध्ये इटलीत उजवा हात गमावून परतला. घरी जाण्याआधी सॅन फ्रान्सिस्को परिसरात तो केस कापायला गेला. अंगावर कॅप्टनचा गणवेश, छातीवर पदके, हाताच्या जागी आकडा. न्हाव्याने सांगितले, जपान्यांचे केस आम्ही कापत नाही. तो पुढे अमेरिकेच्या सिनेटवर जवळजवळ पन्नास वर्षे होता.

पुणेरी वाचक :

खेडच्या ताईंचा प्रतिसाद वाचल्यानंतर माझ्या पहिल्या प्रश्नातला काही भाग मी मागे घेतो. साम्राज्याविषयीचे माझे मत बदललेले नाही. पण त्या स्तंभाचा विचार मी आजवर बांधणाऱ्याच्या बाजूनेच केला होता. ज्याला दाखवण्यासाठी त्या दगडाखेरीज दुसरे काही नव्हते त्याच्या बाजूने केला नव्हता. एक विचारायचे राहिले : भरती बंद झाल्यावर या पेन्शनर मंडळींनी नेमके काय केले? सगळे पणजोबांसारखे एकेकटे कचेऱ्या हिंडत राहिले का?

कोरीव अक्षरे :

आपण हे विचारलेत ते फार बरे झाले, कारण धागा काढताना मला मुख्यतः तेथेच यायचे होते.

एकेकटे हिंडणारे पुष्कळ होते, पण सगळे तसे नव्हते. दापोलीला जुनी लष्करी वस्ती होती, आजही जुनी माणसे तिला कॅम्प दापोली म्हणतात, आणि निवृत्त महार सैनिकांची घरे तेथे बरीच होती. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले. वाचता-लिहिता येणारी, दरमहा पेन्शन घेणारी आणि सरकारी अर्ज कसा लिहायचा हे ठाऊक असलेली अस्पृश्य माणसे एका ठिकाणी जमण्याची ही महाराष्ट्रातील बहुधा पहिलीच वेळ होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त होऊन तेथे आले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली, अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था स्थापली आणि ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात सातत्याने लिहिले. भरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये महारांना लष्करात परत घ्यावे असा अर्ज त्यांनी सिद्ध केला. आमचे पूर्वज क्षत्रिय होते, असा युक्तिवाद त्यात आहे. आजच्या वाचकाला तो खटकतो, आणि मलाही खटकला. पण ज्या सरकारने जन्मावरून दार लावले, त्याच्यासमोर जन्माचाच मुद्दा मांडण्यावाचून त्या घडीला दुसरा मार्ग त्यांना दिसला नसावा.

पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला ५१ गावच्या महारांची सभा घेतली आणि अर्जांचे काम पुढे नेले. १९१० च्या त्यांच्या अर्जात भाषा बदललेली दिसते : आम्ही या राज्याचे प्रजाजन आहोत, तेव्हा सरकारी चाकरीची दारे आम्हाला उघडी असली पाहिजेत, असा त्याचा सूर आहे. क्षत्रियत्वापासून नागरिकत्वापर्यंतचा हा प्रवास सोळा वर्षांत झाला आणि तो कोणत्याही विद्यापीठात झाला नाही, पेन्शनरांच्या ओसरीवर झाला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत अध्यक्षीय भाषण करताना बाबासाहेबांनी दापोलीच्या या जुन्या पिढीची आठवण काढली, लष्कर बंद झाल्यामुळे समाज कसा मागे ढकलला गेला हे सांगितले आणि ज्यांच्या बळावर इंग्रजांनी राज्य मिळवले त्यांचा हा विश्वासघात आहे असे स्पष्ट शब्दांत म्हटले. दुसऱ्या दिवशी सर्व जण चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले. मसूरच्या वाटेवर ज्या मुलाला कोणी पाणी दिले नव्हते, तो सर्वांत पुढे होता, आणि त्याच्यामागे चालणाऱ्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते.

निवृत्त कर्नल :

यापुढचा लष्करी भाग मी पुरा करतो. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे कमी पडली. व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याच्या जागी खंजीर आला. या वेळी मात्र युद्धानंतर रेजिमेंट मोडली गेली नाही. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशातील सागरला आहे आणि तिच्यात देशभरातील सर्व समाजांचे जवान आहेत, म्हणजे जुन्या मुंबई सैन्यातली मिश्र कंपनी एका अर्थी परत आली आहे. १९८७ मध्ये श्रीलंकेत परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे, आणि जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुखही याच रेजिमेंटचे.

खेडच्या ताईंना एक विनंती. आपल्या पणजोबांच्या दाखल्यावर पलटणीचा क्रमांक आणि शिपाई क्रमांक असेल. तो कागद कृपया लॅमिनेट करू नये. प्लॅस्टिकच्या उष्णतेने जुना कागद कायमचा खराब होतो. आहे तसाच सपाट ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि त्या छायाचित्रांच्या प्रती रेजिमेंट केंद्राकडे पाठवाव्यात. मजकूर लिहिण्यास मी मदत करीन.

खेडची लेक :

आपले मनापासून आभार, कर्नलसाहेब. दाखला लॅमिनेट करण्यासाठी भावाने दुकानात नेऊन दिला होता. आताच फोन करून थांबवले. दुकानदाराने अजून हात लावला नव्हता. रविवारी गावी जाऊन छायाचित्रे काढते. मागच्या बाजूच्या कापडी पट्ट्यांचीही काढीन, कारण त्या आजोबांच्या हातच्या आहेत.

माणदेशी :

मीही दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार आहे. चावडीच्या पाटीवरच्या माणसांपैकी एखाद्याचे नाव सांगू शकतील अशा दोन म्हाताऱ्या अजून गावात आहेत. एक नव्वदीच्या पुढे आहे. पाटीवर ज्यांचा आकडा आहे त्यांत महारवाड्यातले कोणी होते का, हेही विचारीन, कारण ते आजवर कोणी विचारलेले नाही. मिळतील तेवढी नावे याच धाग्यावर लिहीन.